पांडुता, संधिशूल आणि रक्तकणातील एक दुवा

वर्धा जिल्ह्यात चिकित्सा करताना पांडुता, वारंवार होणारा संधिशूल आणि डोळ्यांत पिवळेपणा असलेली बालके आमच्याकडे नेहमी येतात. पूर्वी आम्ही केवळ लक्षणे पाहून लोहकल्प देत असू. तो आमचा प्रमादच होता.

शरीरावयव परमाणुभेदाने असंख्य व अतिसूक्ष्म आहेत, असे चरकाचार्य शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगतात. संस्था, अवयव, ऊती, पेशी आणि पेशीतील रेणू अशा या पायऱ्या होत. सिकलसेल व्याधीचे मूळ अखेरच्या पायरीवर आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू घटताच हे रेणू एकमेकांस चिकटून तंतू बनतात व रक्तकण विळ्यासारखा वाकतो. एरवी सुमारे 120 दिवस टिकणारा कण 10 ते 20 दिवसांतच नष्ट होतो. त्यातून पांडुता व कामला उद्भवतात. ताठर कण केशवाहिन्या अडवितात. त्यातून शूल होतो. प्लीहाही हळूहळू निकामी होते.

येथे पांडुता असली तरी लोहक्षय असेलच असे नाही. म्हणून वैद्यबंधूंनी प्रथम सोल्युबिलिटी चाचणी करवावी आणि निश्चितीसाठी इलेक्ट्रोफोरेसिसकरिता सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी रुग्ण पाठवावा. चालू असलेले हायड्रॉक्सियुरिया परस्पर बंद करू नये. विवाहेच्छूंनाही तपासणी सुचवावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास व्याधीची शक्यता 25 टक्के असते.

नाडीवर बोट ठेवताना तिच्यातून वाहणाऱ्या कणाचेही स्मरण असावे.