एकदिवसीय सरोवरदर्शन : हदगावहून इसापूर व लोणार

विद्यापीठीय अभ्यासक्रमात क्षेत्राभ्यासास मान्यतेचे स्थान आहे. परंतु व्यवहारात त्याचे रूप बहुधा एका दिवसाच्या सहलीचे असते. पहाटे बस निघते, दुपारी एखाद्या प्रसिद्ध सरोवराच्या काठी थांबते, तेथील मार्गदर्शक तास-दीड तास माहिती सांगतो आणि रात्री मंडळी परततात. पुढे जो वृत्तान्त लिहिला जातो, त्यात मार्गदर्शकाचीच वाक्ये थोड्याफार फरकाने उतरलेली आढळतात. एवढ्या अल्प अवधीत अभ्यास कसा व्हावा, असा आक्षेप यावर घेतला जातो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, दोष अवधीचा नाही. मार्गदर्शकाच्या कथनातील विधाने कोणकोणत्या जातीची आहेत हे ओळखण्याची सवय विद्यार्थ्यास असेल, तर एक दिवसही पुष्कळ देऊन जातो. उदाहरणादाखल नांदेड जिल्ह्यातील हदगावहून करता येण्याजोग्या एका सहलीचा येथे विचार केला आहे.

मार्ग व काळ

हदगावहून निघालेली गाडी वारंगा फाट्यावर येते. नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता येथेच मिळतो. त्यामुळे नांदेड शहरातून येणाऱ्या मंडळींनाही हाच पुढचा मार्ग सोयीचा. तेथून कळमनुरी, हिंगोली, सेनगाव, रिसोड या बाजूने बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गाठता येते. जाण्याचे अंतर स्थूलमानाने दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर धरावे. म्हणजे जाण्यायेण्यातच सहा-सात तास खर्ची पडतात. कळमनुरीजवळून आत वळले की पैनगंगेवरील इसापूर धरण लागते. परंतु लोणारला जाणाऱ्या सहली हे वळण बहुधा टाळतात. वेळ वाचावा हा त्यातील हेतू समजण्यासारखा आहे, तथापि त्यामुळे फार मोठी हानी होते. ती कोणती, हे पुढे स्पष्ट होईल.

पहाटे पाचच्या सुमारास निघून प्रथम इसापूर पाहावे व दुपारपूर्वी लोणारच्या काठावर पोहोचावे, हा क्रम आम्हांस इष्ट वाटतो. ऋतूचाही विचार हवा. पावसाळा संपताच इसापूरचा जलाशय भरलेला असतो व लोणारचे पाणी पावसाने सौम्य झालेले असते. वैशाखात दोन्हींची स्थिती पालटते. विद्यार्थी जे पाहतात ते त्या महिन्याचे सरोवर असते, ही नोंद वृत्तान्ताच्या पहिल्याच ओळीत असावी.

विधानांचे तीन वर्ग

मार्गदर्शक जे सांगतो त्याचे तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग प्रत्यक्षाचा : जे त्या जागी डोळ्यांनी दिसते वा साध्या साधनाने मोजता येते. दुसरा अनुमानाचा : जे अन्यत्र, प्रयोगशाळेत वा खोल छिद्रणातून सिद्ध झाले आहे व ज्याची खूण मात्र येथे दिसते. तिसरा परंपरेचा : जे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात आहे. तिन्ही वर्ग आपापल्या जागी मोलाचे आहेत. घोटाळा होतो तो एका वर्गातील विधान दुसऱ्या वर्गाची खात्री घेऊन येते तेव्हा. लोणार येथे हे तिन्ही वर्ग एकाच कथनात इतके मिसळलेले असतात की, विवेकाच्या सरावास याहून उत्तम स्थळ आपल्या भागात क्वचितच सापडेल.

लोणारचे प्रत्यक्ष

काठावर उभे राहताच जवळजवळ वर्तुळाकार विवर दिसते. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठापासून पाण्याची पातळी सुमारे १३५ ते १५० मीटर खाली आहे. काठ हा सभोवतालच्या सपाटीहून उंच उठलेला आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षातून निसटते. नुसते खचून पडलेल्या खड्ड्यास असा उठलेला काठ सहसा नसतो. काठाच्या आतील बाजूस काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे, थर बाहेरच्या दिशेस कललेले दिसतात. दख्खनच्या पठारावर अन्यत्र ते आडवे असतात. ही दोन निरीक्षणे विद्यार्थ्याने स्वतः करावीत, त्यासाठी मार्गदर्शकाची आवश्यकता नाही.

दुसरे प्रत्यक्ष पाण्याचे. तळ्याचे पाणी खारट व क्षारधर्मी असून त्याचा सामू साडेनऊच्या आसपास वा त्याहून अधिक आढळतो. साध्या निर्देशक कागदानेही याची प्रचीती येते. परंतु विवराच्या उतारावर गोमुखाजवळ जी धार बारमाही वाहते तिचे पाणी गोडे आहे. बेसॉल्टच्या थरांमधील भेगांतून व सच्छिद्र पट्ट्यांतून भूजल वाहते आणि विवराने तो थर कापला गेल्यामुळे ते उतारावर प्रकट होते. गोडे पाणी आत येते, बाहेर जाण्यास मात्र वाट नाही. केवळ बाष्पीभवनाने पाणी उडते व क्षार मागे राहतात. बंदिस्त सरोवर खारे का होते, हा भूगोलाच्या पुस्तकातील परिच्छेद येथे शे-दोनशे पावलांत वाचता येतो.

लोणारचे अनुमान

हे विवर अशनिपाताने झाले, हे वाक्य आता फलकांवर लिहिलेले असते व ते खरे आहे. परंतु ते काठावरून दिसत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. दीर्घकाळ विद्वानांचे मत याविरुद्ध होते. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली, तरी पुढील शंभराहून अधिक वर्षे ज्वालामुखीय स्फोट वा भूमीचे खचणे हीच कारणे प्रामुख्याने पुढे केली गेली. दख्खन ही लाव्ह्याचीच भूमी असल्याने तसे वाटणे स्वाभाविकही होते.

येथे गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाचा दाखला उद्बोधक आहे. ॲरिझोनातील ज्या विवरास आज अशनिविवराचा नमुना मानतात, त्याची तुलना त्याने १८९६ मध्ये लोणारशी केली. दोहोंतील साम्य त्याने अचूक हेरले. मात्र ॲरिझोना येथे उठलेल्या काठातील द्रव्य व खड्ड्यातून गेलेले द्रव्य यांचे आकारमान जवळपास सारखे भरले. खड्ड्याखाली मोठा अशनी गाडलेला असता तर हा हिशेब जुळला नसता, असा तर्क करून त्याने त्या विवराचे कारण वाफेचा स्फोट ठरविले. मोजमाप चोख, तर्कही सुसंगत, तरी निष्कर्ष चुकला. कारण प्रचंड वेगाने आदळणारा अशनी स्वतःच बव्हंशी वितळून व विखरून नष्ट होतो, याची पुरेशी कल्पना तेव्हा नव्हती.

लोणारचा निर्णय लागला तो १९७३ मध्ये, फ्रेडरिक्सन व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने. तळ्याखाली छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत त्यांना आघाताने भरडलेला व पुन्हा सांधला गेलेला बेसॉल्ट आढळला. त्यातील फेल्स्पार या खनिजाचे मॅस्केलिनाइट नामक काचेत रूपांतर झालेले होते. असे रूपांतर ज्वालामुखीत होत नाही, त्यास आघाताचा अतिप्रचंड दाब लागतो. चंद्राचा पृष्ठभाग अनेक ठिकाणी बेसॉल्टचाच असल्याने, बेसॉल्टमधील हे सुस्थितीतील विवर चांद्रविवरांच्या अभ्यासातही तुलनेसाठी घेतले जाऊ लागले.

विवराच्या वयाविषयी मात्र अधिक सावधपणा हवा. सुमारे ५० हजार वर्षे हा आकडा सर्वत्र ऐकू येतो. तो तापदीप्ती पद्धतीने काढलेल्या सुमारे ५२ हजार वर्षांवर आधारलेला आहे. परंतु २०११ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने काढलेले वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दोन आकड्यांत दहापटीहून अधिक अंतर आहे. वृत्तान्तात वय लिहिताना ते कोणत्या पद्धतीचे आहे हे न लिहिणे म्हणजे अर्धेच लिहिणे होय.

याच संदर्भात छोट्या तळ्याजवळील मारुतीच्या मूर्तीचा उल्लेख करावा लागतो. तेथे होकायंत्राची सुई विचलित होते व म्हणून तो पाषाण अशनीचा आहे, असे सांगितले जाते. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज स्वभावतःच असते. तेव्हा तोच प्रयोग रस्त्याकडेच्या इतर काळ्या दगडांजवळ करून पाहावा व मगच निष्कर्ष काढावा. श्रद्धेस यात काहीही बाध येत नाही.

लोणारची परंपरा

लवणासुराची कथा सर्वश्रुत आहे. भूमीखाली दडलेल्या या दैत्याच्या निवासाचे झाकण विष्णूने दूर भिरकावले, त्याचा वध केला व ते विवर पाण्याने भरले. गावातील शिल्पसमृद्ध मंदिरात हाच विष्णू दैत्यसूदन या नावाने पूजिला जातो. पुष्कळ वृत्तान्तांत ही कथा केवळ मनोरंजनार्थ येते. वस्तुतः तीत दोन प्रश्न दडले आहेत : पाणी खारे का, आणि खड्ड्यातील द्रव्य गेले कोठे? दुसरा प्रश्न गिल्बर्टने ॲरिझोनात मोजपट्टी घेऊन विचारला, तोच आहे. परंपरेने उत्तर आपल्या भाषेत दिले, परंतु प्रश्न अचूक निवडला. परंपरेच्या वर्गातील विधाने अशा रीतीने वाचावीत. तळ्याच्या क्षारांचा उपयोग जुना आहे व काच आणि साबण यांसाठी त्यांचा वापर होत असल्याचा निर्देश ‘आईन-इ-अकबरी’त येतो, म्हणजे हे स्थळ केवळ देवदर्शनाचे नव्हते, उत्पन्नाचेही होते.

जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा कथा व विज्ञान दोहोंसही नवा विषय मिळाला. पाण्याची पातळी घटून क्षारता वाढल्याने क्षारप्रेमी सूक्ष्मजीव वाढले व त्यांच्या रंगद्रव्याने हा रंग आला, असे तपासणीत दिसून आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणारचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. हे क्षेत्र अभयारण्यही आहे. यास्तव नमुना म्हणून दगड वा पाणी विनापरवाना उचलण्याचा मोह विद्यार्थ्यांनी आवरलाच पाहिजे. प्रत्येक तुकडीने एकेक दगड नेला, तर पुढील तुकड्यांस काठ तेवढा उरेल.

इसापूर : न थांबलेले सरोवर

आता टाळल्या जाणाऱ्या वळणाकडे येऊ. इसापूर येथे मार्गदर्शक नसतो, कथा नसते, फलकही फार नसतात. चार किलोमीटरहून अधिक लांबीचा व सुमारे ५७ मीटर उंचीचा मातीचा बांध आणि त्यामागे पसरलेले पाणी, एवढेच दृश्य. परंतु ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या या जलाशयाचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ३४ टीएमसी आहे. एक दशलक्ष घनमीटर पाणी म्हणजे शंभर हेक्टर क्षेत्रावर एक मीटर उभे पाणी, हे मान धरून विद्यार्थ्याने गणित करावे. लोणारच्या तळ्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर व सरासरी खोली पाच मीटर मानली, तर त्यातील पाणी साडेपाच दशलक्ष घनमीटरांच्या आसपास भरते. इसापूर त्याच्या सुमारे पावणेदोनशेपट आहे. मनावर ठसते लोणार. हदगावच्या शिवारात ऊस, केळी वा हळद उभी राहते ती मात्र ज्याकडे पाहण्यास कोणी थांबत नाही त्या पाण्यावर. येथून निघणारा उजवा कालवा कळमनुरी, हदगाव, अर्धापूर या भागांकडे जातो व डावा यवतमाळ जिल्ह्याकडे.

ही नदी १९५६ पर्यंत दोन राज्यांची सीमा होती : दक्षिणेस हैदराबाद राज्यातील हदगाव व कळमनुरी, उत्तरेस तेव्हाच्या मध्य प्रदेशातील उमरखेड व पुसद. राज्यपुनर्रचनेने दोन्ही तीर एका राज्यात आले; आज एकाच बांधाच्या पाण्याचा वाटा तीन जिल्ह्यांत ठरवावा लागतो. साठा किती टक्के, आवर्तने किती, कालव्याच्या शेवटच्या टोकास पाणी केव्हा पोहोचते, हे प्रश्न दरसाल निघतात. बुडीत क्षेत्रात ज्यांची गावे गेली त्यांच्या हिशेबी तर हे सरोवर कधीच केवळ दृश्य नव्हते. येथे विधानांचे तीन वर्ग पुन्हा लावता येतील : बांध व पाणी हे प्रत्यक्ष, साठ्याचे व सिंचनाचे आकडे हे अनुमान, आणि गेलेल्या गावांच्या आठवणी ही बनत असलेली परंपरा. शेवटचा वर्ग कोणी मार्गदर्शक सांगणार नाही. तो जलाशयाच्या काठच्या वडीलधाऱ्यांस विचारून टिपावा लागेल.

उपसंहार

सारांश, एकदिवसीय सहलीचे शैक्षणिक मोल दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, स्थळांची निवड. निसर्गाने क्षणार्धात घडविलेले व मनुष्याने कित्येक वर्षे खपून घडविलेले अशी दोन सरोवरे एकाच दिवशी पाहिली, म्हणजे प्रत्येकाचे वैशिष्ट्य दुसऱ्याच्या शेजारी उठून दिसते. दुसरी, नोंदीची पद्धती. वहीच्या पानाचे तीन रकाने करावेत. ऐकलेले प्रत्येक विधान त्यांपैकी एकात टाकावे व जेथे ठरविता येत नाही तेथे प्रश्नचिन्ह घालावे. परतल्यावर वर्गात प्रथम प्रश्नचिन्हांकित विधानेच चर्चेस घ्यावीत. विभागांनी आपापल्या सहलींसाठी हा क्रम एक वर्ष अवलंबून पाहावा व आलेले वृत्तान्त पूर्वीच्या वृत्तान्तांशेजारी ठेवून तपासावेत, अशी सूचना येथे करावीशी वाटते.