मधुमेही बालके आणि जीवनसत्त्वे

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात बालकाच्या स्वादुपिंडातील इन्सुलिननिर्मिती जवळजवळ थांबते. रक्तातील वाढलेल्या साखरेमुळे पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो. ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे तो सौम्य करण्यास साहाय्य करतात. म्हणून बेताने पेरू, आवळा, शेंगदाणे आहारात असावेत. साखरेत मुरलेला मोरावळा मात्र यात मोडत नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी साखर आटोक्यात राहते, असे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. त्या आशेवर इन्सुलिन बंद करणे जिवावर बेतते. १९२२ साली टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला ज्याने जीवदान दिले, त्या इन्सुलिनला आजही पर्याय नाही. आणि आपला कोल्हापुरी गूळ? तोही साखरेइतकाच रक्तशर्करा वाढवतो. वसतिगृहात असे मूल घामाघूम होऊन थरथरू लागले व शुद्धीवर असले, तर त्वरित साखरपाणी द्यावे, पंधरा मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.