चावडी, धूळपाटी आणि नवागत : भारतीय भाषांतील विकिपीडियाचा स्वागतव्यवहार

मराठीला ज्ञानकोशाची परंपरा नवी नाही. श्री. व्यं. केतकर यांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सिद्ध झाला. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालील ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. अशा प्रकल्पांत लेखकाची निवड आधी होई आणि लेखन नंतर. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेल्या विकिपीडियाने हा क्रम उलटा केला. येथे लेखन आधी होते. लेखकाची पारख मागाहून आणि सर्वांच्या देखत होते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही याच क्रमाने चालतो. निवडसमितीच नसलेल्या या व्यवस्थेत दारात आलेल्या अनोळखी माणसाशी कसे वागावे, हा प्रश्न सौजन्यापुरता राहत नाही. कोशाचे अस्तित्वच त्यावर अवलंबून असते. भारतीय भाषांनी हे स्वागत कोणत्या शब्दांत घडविले आणि त्या शब्दांनी नवागताला कोणते स्थान दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिष्टाचाराची चौकट

विकिपीडियाच्या प्रत्येक लेखामागे दोन पाने असतात. ‘इतिहास’ या पानावर प्रत्येक बदल, तो करणाऱ्याचे नाव आणि वेळ यांची नोंद राहते; ‘चर्चा’ या पानावर मतभेदांचा निकाल लावला जातो. चर्चेत मत मांडणाऱ्याने शेवटी चार लहरचिन्हे टंकून स्वाक्षरी करावयाची असते. आपला बदल कोणी उलटविला, तर तोच पुनःपुन्हा न करता आधी चर्चेत कारणे द्यावीत, असा संकेत आहे. या सर्वांच्या मुळाशी दोन तत्त्वे आहेत : समोरच्याचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरावे, आणि नवागतावर तुटून पडू नये. दुसरे तत्त्व अनुभवी सदस्यांना उद्देशून आहे, हे विशेष होय. नियम ठाऊक नसणे हा नवागताचा दोष नव्हे, अशी त्यामागची भूमिका आहे.

ही भूमिका प्रत्यक्षात टिकत नाही तेव्हा काय होते, हे इंग्रजी विकिपीडियाच्या उदाहरणावरून दिसते. तेथील सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोहोचून नंतर घटत गेली. ॲरन हाफाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या घसरणीचा संबंध नवागतांच्या अनुभवाशी जोडला आहे. खोडसाळ बदल रोखण्यासाठी उभारलेल्या अर्धस्वयंचलित यंत्रणांनी चांगल्या हेतूने आलेल्यांचेही लेखन झपाट्याने परतविले, आणि अशी माणसे टिकली नाहीत. २०१२ साली इंग्रजी विकिपीडियावर नवागतांसाठी ‘टीहाउस’ हा मदतकक्ष सुरू झाला. तेथे प्रश्नांना उत्तरे देणाऱ्यांना ‘यजमान’ म्हटले गेले. नियमांच्या दुव्यांनी भरलेल्या साचेबंद संदेशापेक्षा माणसाने माणसाला दिलेले उत्तर महत्त्वाचे, ही जाणीव त्या नावात आहे.

भेटीच्या जागांची नावे

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहेत ती सामायिक चर्चास्थळांची नावे. इंग्रजीत या स्थळाला गावचा पाण्याचा हापसा मानले आहे. फ्रेंचमध्ये ते ‘बिस्त्रो’, इटालियनमध्ये ‘बार’, तर स्पॅनिशमध्ये ‘काफे’ आहे. भारतीय भाषांनी बहुधा गावाचेच चित्र स्वीकारले, पण प्रत्येकीने आपापले गाव निवडले. हिंदीत ‘चौपाल’, गुजरातीत ‘चोतरो’, तेलुगूत ‘रच्चबंड’, मल्याळममध्ये ‘पंचायत्त’ आहे. कन्नडमध्ये पिंपळाचा पार म्हणजे ‘अरळि कट्टे’, तर तमिळमध्ये ‘आलमरत्तडि’ म्हणजे वडाची सावली आहे. बंगालीने मात्र ‘आलोचनासभा’ हे औपचारिक नाव पसंत केले. अड्ड्याची ख्याती असलेल्या भाषेने येथे अड्डा टाळावा, हे लक्षणीय आहे.

मराठीने ‘चावडी’ हा शब्द घेतला. शब्द घरचा आहे, आणि म्हणूनच त्याची स्मृतीही त्याच्यासोबत येते. झाडाची सावली कोणालाही मिळते. चावडी ही पाटील-कुलकर्ण्यांची बैठक, सारावसुलीची आणि न्यायनिवाड्याची जागा होती. अस्पृश्य ठरविलेल्या जातींना तिच्याबाहेर उभे राहावे लागे आणि स्त्रियांना तेथे स्थान नव्हते. चावडीवर बोलावणे येणे म्हणजे झाडाझडती, असा अर्थ मराठी मनात अद्याप पुसलेला नाही. अर्थात, जुन्या सत्तास्थानाचे नाव सर्वांना खुल्या असलेल्या जागेला देणे हे त्या शब्दाचे पुनर्वसनही ठरू शकते. ते तसे ठरते की नाही, हे चावडीवर नवख्याच्या प्रश्नाला मिळणारे उत्तरच ठरविते.

सरावाच्या पानाचे नाव याहून बोलके आहे. इंग्रजीत ते मुलांच्या खेळातला वाळूचा हौद आहे. मराठीत ती ‘धूळपाटी’ आहे. लाकडी फळीवर धूळ पसरून त्यावर अक्षरे गिरवायची आणि हात फिरवून पुन्हा कोरी करायची, ही पंतोजींच्या शाळेतली रीत. इंग्रजी रूपकात नवागत खेळणारे मूल आहे, मराठीत तो शिकणारा विद्यार्थी आहे. या रूपकामुळे चुकण्याला प्रतिष्ठा मिळते. मात्र त्याचबरोबर छडी हाती घेतलेले पंतोजीही मागील दाराने आत येऊ शकतात.

‘आपण’ची दोन रूपे

इंग्रजीतील द्वितीयपुरुषी सर्वनाम आदर आणि सलगी यांबाबत मौन पाळते. मराठीला ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून निवड करावीच लागते. स्वागतसंदेशात ‘आपले स्वागत’ हे रूप रुळले आहे. हे आदरार्थी रूप पाहुण्यासाठी असते आणि पाहुणा घरातली भांडी हलवीत नाही. विकिपीडियाला तर तीच अपेक्षा आहे. येथे मराठीतील एक सोय उपयोगी पडते. ‘आपण’ हा शब्द आदरार्थी द्वितीयपुरुष आहे, तसाच बोलणारा व ऐकणारा या दोघांना सामावणारा प्रथमपुरुषही आहे. गुजरातीत ‘आपणे’ आणि तेलुगूत ‘मनं’ ही समावेशक रूपे आहेत. परंतु तेथे आदरार्थी संबोधनाचे सर्वनाम वेगळे आहे. मराठीत एकच शब्द दोन्ही कामे करतो. पहिल्या ‘आपण’कडून दुसऱ्या ‘आपण’कडे होणारा प्रवास म्हणजेच यशस्वी स्वागत होय. ‘आम्ही आपला मजकूर काढला आहे’ या वाक्यात हा प्रवास थांबतो; ‘आपण या विधानाला संदर्भ शोधू’ या वाक्यात तो सुरू होतो.

कसोटी लागते ती लेखनशैलीवरून. गौरवग्रंथ आणि श्रद्धांजलीलेख यांवर पोसलेला मराठी वाचक चरित्रलेख लिहू लागला, की ‘थोर’, ‘अजरामर’, ‘वंदनीय’ ही विशेषणे ओघानेच येतात. निःपक्ष दृष्टिकोनाच्या धोरणानुसार ती काढावी लागतात. लिहिणाऱ्याला तो त्या व्यक्तीचाच अवमान वाटतो. संपादन योग्य असते आणि दुखावणे खरे असते. अशा वेळी विशेषण काढून त्यामागची वस्तुस्थिती, म्हणजे कोणता ग्रंथ, कोणते वर्ष, कोणी केलेले मूल्यमापन, ही मागणारा सदस्य दोन वाङ्मयसंस्कृतींत दुभाष्याचे काम करीत असतो.

विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये सर्व प्रकल्पांसाठी सार्वत्रिक आचारसंहिता जाहीर केली. छळ व अपमान यांना आवर घालण्यास ती आवश्यकच आहे. परंतु आपलेपणाचा स्वर कोणतीही संहिता पुरवू शकत नाही. तो प्रत्येक भाषेला आपल्या सर्वनामांतून आणि आपल्या पारांवरून मिळवावा लागतो. मोठ्या भाषेच्या कोशाला शंभर नवागत गमावूनही चालू राहता येते. मोजक्या हातांवर उभ्या असलेल्या कोशात मात्र एक माणूस परत गेला, तर त्याच्याबरोबर एखाद्या तालुक्याची, बोलीची वा कलापरंपरेची नोंदही परत जाते.