क्लच कोणी जाळला?

२०२२ च्या मे महिन्यातला शनिवार. भाच्याच्या लग्नाला सांगलीला निघालो होतो. बोगद्याची सोय तेव्हा साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांना. आमच्यासारख्या जाणाऱ्यांना खंबाटकीचा घाट चढणं भाग होतं. वर कुठेतरी ट्रक बंद पडला होता आणि त्याच्यामागे अर्धं पुणं उभं होतं. पाऊण तास आम्ही मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. मग जळका, घशात बसणारा वास आला. इंजिनाचा आवाज वाढला, गाडी मात्र जागची हलेना. “अहो, गाडी मागे जातेय,” ही म्हणाली. मी हँडब्रेक ओढला आणि मागच्या ट्रकच्या क्लीनरनं धावत येऊन चाकामागे दगड लावला. गाडीचं वय चौदा महिने, धाव १३,२०० किलोमीटर.

वॉरंटी दोन वर्षांची होती, म्हणून मी निर्धास्त होतो. बत्तीस वर्षं बँकेत बारीक अक्षरातल्या अटींवर लोकांच्या सह्या घेतलेल्या माणसानं असं निर्धास्त राहावं, याला काय म्हणायचं!

ही गाडी घेण्याचं कारण माझा डावा गुडघा. डॉक्टरांनी क्लच दाबणं कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा पोरांनी ऑटोमॅटिक घ्यायला लावली. आता मध्यमवर्गीयाला परवडणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीतली गंमत अशी, की ती खऱ्या अर्थानं ऑटोमॅटिक नसतेच. गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचही नेहमीचाच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम माणसाच्या पायाहातांऐवजी एक हायड्रॉलिक यंत्रणा करते आणि तिला हुकूम एक छोटा संगणक देतो. त्याला ‘एएमटी’ म्हणतात. म्हणजे क्लच आहे, पण तो चालकाच्या ताब्यात नाही.

वर्कशॉपमधला सर्व्हिस ॲडव्हायझर पोरगेलासा होता, अदबीनं बोलणारा. “काका, क्लचप्लेट पूर्ण गेलीय. फ्लायव्हीलपण निळं पडलंय. वॉरंटीत नाही बसत. हाफ क्लचवर गाडी चालवलीय तुम्ही.”

मी त्याला दार उघडून गाडीतली पेडल मोजायला सांगितली. दोन भरली. तो हसला, पण इस्टिमेटवरचा आकडा बदलला नाही : सुटे भाग २६,८०० रुपये, मजुरी ७,८०० रुपये. वॉरंटीच्या पुस्तिकेत ‘सामान्य झिजेचे भाग’ म्हणून यादी होती. त्यात वायपरची रबरं, ब्रेक पॅड आणि क्लचप्लेट शेजारी शेजारी बसली होती. पण सामान्य झीज तेरा हजार किलोमीटरला होते का? माझ्या आधीच्या गाडीची क्लचप्लेट सत्तर हजारांच्या पुढे गेली होती आणि तीही गुडघा धड असताना, पुण्याच्याच रहदारीत.

माझ्या परिचयाचे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांना घेऊन वर्कशॉपला गेलो. उघडलेली प्लेट त्यांनी हातात घेतली, वास घेतला, कडेला बोट फिरवलं आणि म्हणाले, “साहेब, जळालीय एवढं ही सांगते. कोणी जाळली हे नाही सांगत.” मग त्यांनी समजावलं. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ही प्लेट घट्ट दाबून बसली की इंजिनाची ताकद चाकांकडे जाते. अर्धवट दाबलेली राहिली की ती घसरते, तापते, जळते. चालक चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतो, तेव्हा असं होतं. पण दाबणारी यंत्रणाच क्लच पुरता सोडत नसेल, किंवा इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळून प्लेटवर येत असेल, तरीही असंच होतं. तेल नव्हतं. राहिले दोन संशयित : मी आणि ती यंत्रणा.

मिस्त्री आणखी एक म्हणाले, ते लाखमोलाचं ठरलं. “पैसे तुम्ही देणार, तर जुना माल तुमचा. सोडू नका.” मी जॉब कार्डावर ‘निषेध नोंदवून रक्कम भरत आहे’ असं लिहिलं आणि जुनी प्लेट, प्रेशर प्लेट, फ्लायव्हील गोणपाटात बांधून घरी आणलं. सहा महिने ते बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशेजारी होतं.

घरी आल्यावर कागद काढले. ४,८०० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डावर माझी तक्रार होती : ‘पहिल्या गिअरला गाडी धक्का देते.’ पुढे ‘तपासले, ठीक’. नऊ हजारांच्या सर्व्हिसिंगला तीच तक्रार आणि पुढे ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’. गाडी ठीक होती, तर संगणकाला नवी अक्कल कशासाठी शिकवली?

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचं कारण गाडी नव्हती. नव्वदीच्या दशकात मी सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातल्या शाखेत कर्जविभाग पाहत होतो. एका शेतकऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरचा क्लच पहिल्याच हंगामात गेला. डीलर म्हणाला, दोन ट्रॉल्या ओढल्यास, वॉरंटी गेली. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहिला, ऊसवाहतूक बुडाली, हप्ता थकला. तो माझ्या टेबलापुढे बसून म्हणाला होता, “साहेब, त्या कारखान्याच्या रस्त्यावर एका ट्रॉलीनं कोण जातंय का? विकताना त्यांनीच सांगितलं, दोन ओढंल म्हणून.” मी त्याला काय म्हणालो, ते मला शब्दशः आठवतं : “सही करण्याआधी अटी वाचायच्या असतात.” आठवड्याभरात वसुलीची नोटीस माझ्याच सहीनं गेली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालीच झाला होता. तो मला ठाऊक होता. त्याला सांगावंसं वाटलं नाही.

आता मीच तक्रार लिहायला बसलो. २०१९ च्या नव्या कायद्यानं, जो जुलै २०२० पासून लागू झाला, ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय कुठंही असो. गाडीची किंमत सात लाखांच्या घरात, म्हणून शुल्क दोनशे रुपये. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अर्थात, वस्तू जपून ठेवली असेल तर. गाडी बदलून मागण्याचा मोह मात्र मी आवरला. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली मारुती उद्योगच्या एका खटल्यात, आणि योगायोग असा की तिथंही तक्रार क्लचचीच होती, म्हटलं होतं की सदोष भाग बदलून देणं ही वॉरंटीतली जबाबदारी. भाग बदलून काम भागत असेल तर अख्खी गाडी मागता येत नाही.

भाची अमेरिकेत असते. तिनं फोनवर फोर्डच्या फिएस्टा आणि फोकस गाड्यांची कथा सांगितली. त्यांच्या दुहेरी कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सबद्दल इतक्या तक्रारी झाल्या, की कंपनीला क्लचची वॉरंटी वाढवावी लागली आणि मालकांच्या सामूहिक दाव्यात तडजोड होऊन २०२० साली न्यायालयानं ती मंजूर केली. समान हितसंबंधाच्या ग्राहकांनी मिळून, आयोगाच्या परवानगीनं, अशी तक्रार करायची सोय आपल्या कायद्यातही आहे. पण आपल्याकडे घाटात गाडी बंद पडलेला माणूस एकटाच असतो आणि त्याला त्याच्या चालवण्याची लाज वाटायला लावणं सोपं असतं.

नोटीस गेल्यावर कंपनीचं पत्र आलं. ‘सद्भावना म्हणून’ सुट्या भागांची निम्मी रक्कम देऊ, सोबतच्या फॉर्मवर ‘पूर्ण समाधान झाले’ अशी सही करा. मी असे फॉर्म आयुष्यभर टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं पुढे सरकवले होते. सही केली नाही.

शपथपत्र लिहिताना खरी अडचण आली. त्या दिवशी घाटात मी काही वेळा ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली होती. पाच-सात वेळा तरी. वकील म्हणाले, “हे लिहू नका. विचारलं तर बघू.” ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “मग त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला?” लिहिलं. वकील दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

निकाल २०२४ साली लागला. आयोगानं दोन्ही जॉब कार्डांना महत्त्व दिलं : मोठ्या बिघाडाआधी दोनदा तक्रार करूनही यंत्रणेची तपासणी झाल्याचा कागद कंपनीला दाखवता आला नाही. प्रयोगशाळेच्या अहवालानं दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या होत्या, मिस्त्रींसारख्याच. फक्त त्यासाठी शुल्क घेतलं. सुट्या भागांचे २६,८०० रुपये व्याजासह परत, मजुरी माझी मी सोसायची, कारण माझ्या कबुलीनुसार थोडा दोष माझाही. वकिलांना तो भाग झोंबला. मला नाही.

त्यानंतर सांगलीला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्या जुन्या शाखेच्या गावात थांबलो. ट्रॅक्टरवाल्याची चौकशी केली. थोरला मुलगा भेटला. वडील वारले होते. ट्रॅक्टर बँकेनं ओढून नेला ते साल त्यानं न आठवता सांगितलं. मी कोण, हे त्यानं विचारलं नाही. चहा घ्या म्हणाला. घेतला, आणि मग मीच त्याला सांगितलं, त्या नोटिशीवर सही कोणाची होती ते.