ज्वारीवर ज्वारी
लेखमाला : पोटाची पत्रिका – भाग ६

कोल्हापुरात कुठल्याही पेठेतल्या पिठाच्या गिरणीत सकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "मामा, गव्हावर गहू टाका हं, बाजरीवर नको." आधीच्या दळणाचं पीठ जात्यात राहतं, ते आपल्या डब्यात उतरलं तर चपाती काळपट होते, म्हणून ही ताकीद. ज्वारीच्या डब्यासाठी मात्र सहसा कोणी असं भांडत नाही. आधी गहू दळला असला तर मूठभर गव्हाचं पीठ ज्वारीत येतं, भाकरीला त्याचा पत्ताही लागत नाही.

काही घरांत मात्र हीच ताकीद उलटी द्यावी लागते. त्यांना ज्वारीवर ज्वारीच हवी असते, कारण ती मूठ घरातल्या कोणाच्या तरी आतड्यावर उतरणार असते. या आजाराचं नाव सीलिअ‍ॅक.

गेल्या आठवड्यात आपण दूध न पचण्याबद्दल बोललो. तिथं एक पाचकरस कमी पडतो, पोट फुगतं, दुसऱ्या दिवशी सगळं ठीक होतं. आतड्याला इजा होत नाही. सीलिअ‍ॅकची गोष्ट वेगळी आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो त्याचाच. हे प्रथिन आपल्याला पूर्ण पचत नाही, त्याचे तुकडे उरतात. बहुतेकांच्या बाबतीत ते निमूट बाहेर जातात. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती मात्र त्या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्यावर घाव घालते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, तिच्यातून अन्नरस शोषला जातो. ती लव झिजून सपाट होते. मग माणूस पोटभर जेवतो आणि तरी उपाशी राहतो.

लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरनं १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि रोगी बरा झालाच तर आहारानंच होईल, असंही सांगितलं. गंमत म्हणजे त्यानं भात आणि साबुदाणा वर्ज्य ठरवले आणि पातळ कापून खरपूस भाजलेला पाव चालेल म्हटलं. आज आपण याच्या बरोबर उलट सांगतो. खरा गुन्हेगार हाती लागला तो नेदरलँड्समध्ये. हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाआधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्या हलाखीतही सीलिअ‍ॅक असलेली मुलं बिघडली नाहीत, उलट सुधारली. पाव परतला तसा आजारही परतला. पुढे पद्धतशीर आहारप्रयोग करून १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. उपचार तेव्हापासून एकच आहे : गहू, जव, राय बंद. कायमचे.

आपल्याकडे हा 'पंजाब्यांचा आजार' अशी समजूत होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागांतल्या तेवीस हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. उत्तरेत सीलिअ‍ॅकचं प्रमाण शंभरात एक निघालं, दक्षिणेत हजारात एक. पण या आजाराला लागणारी जनुकं तिन्ही भागांत जवळजवळ सारखीच होती. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोजचा गहू सुमारे ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. जनुक म्हणजे बंदूक आणि गहू म्हणजे गोळी इतकं सोपं हे गणित नाही, कारण ही जनुकं असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. तरी भाकरीवरून चपातीवर सरकलेल्या आपल्या मुलखानं या आकड्यांकडे नीट पाहायला हवं. आपल्या आज्यांच्या लहानपणी चपाती सणाला, पाहुण्याला व्हायची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनवर गहू दोन रुपये किलो झाला, आता तर तो फुकट आहे. मुलांच्या डब्यात भाकरी दिसणं दुर्मीळ झालं आहे.

हा आजार लवकर ओळखू येत नाही, कारण तो दर वेळी पोटाचा मुखवटा घालून येत नाही. जुलाब, पोटफुगी, वजन न वाढणं ही त्याची पाठ्यपुस्तकी रूपं. पण गोळ्या घेऊनही न वाढणारं रक्त, वर्गात सगळ्यांत बुटका राहिलेला मुलगा, पुन्हापुन्हा होणारा गर्भपात, चाळिशीतच ठिसूळ झालेली हाडं यांच्यामागेही तो असू शकतो. लहानपणी मधुमेह झालेल्यांत, थायरॉइडच्या काही विकारांत आणि रोग्याच्या सख्ख्या नात्यात त्याची शक्यता जास्त असते.

संशय आला तर करायचं काय? इथं बहुतेक घरं एक चूक करतात. कोणीतरी सांगतं, "गहू सोडून बघ की," आणि गहू सुटतो. महिना-दोन महिन्यांनी बरं वाटतं, मग तपासणी होते आणि ती स्वच्छ निघते. निघणारच. रक्तात ज्या प्रतिपिंडांचा शोध घ्यायचा, ती ग्लुटेन पोटात जात असतानाच सापडतात. म्हणून गहू चालू असतानाच रक्ताची टीटीजी तपासणी करायची, मग गरजेप्रमाणे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासायचा आणि त्यानंतरच गहू सोडायचा. निदान न करता सोडलेला गहू म्हणजे जन्मभराचा प्रश्न अर्धवट ठेवणं. रोग आहे की नाही हे कळत नाही आणि पथ्याला धार राहत नाही.

आता दुसरी मंडळी. तपासणी स्वच्छ, आतडं ठणठणीत, पण गहू खाल्ला की पोट जड, डोकं जड. याला ग्लुटेनची संवेदनशीलता म्हणतात. त्रास खरा असतो, पण दोषी ग्लुटेनच असतं असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या गटानं २०११ मध्ये ग्लुटेनकडे बोट दाखवलं. त्याच गटानं २०१३ मध्ये ३७ जणांच्या आहारातली आंबणारी साखरद्रव्यं आधी कमी केली आणि मग त्यांना नकळत ग्लुटेन दिलं, तेव्हा ग्लुटेनचा वेगळा असा परिणाम दिसला नाही. गव्हातलं फ्रुक्टन हे असंच एक साखरद्रव्य, आणि ते कांदा-लसणातही भरपूर असतं. म्हणजे कोल्हापुरात गहू सोडून झणझणीत कट ओरपणाऱ्याला गुण येईलच असं नाही. या मंडळींना पिठाच्या कणाकणाची भीती बाळगायची गरज नाही, सोसेल तेवढं खावं. सीलिअ‍ॅकवाल्याला मात्र ती मुभा नाही. इटलीतल्या एका प्रयोगात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं, तेवढ्यानं आतड्यावर परिणाम दिसला. हे प्रमाण एका चपातीच्या साधारण पन्नासाव्या भागाएवढं. 'एक घासानं काय हुतंय?' या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

पथ्याला कोल्हापूर तसं सोयीचं गाव आहे. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, आजऱ्याचा घनसाळ भात, भडंग, खोबरं-खसखशीचा पांढरा रस्सा, मटणाचं सुक्कं, सगळं मुळात गव्हाविना आहे. मार्गशीर्षातल्या आंबील यात्रेचा नैवेद्यही भाकरी, वांगं आणि आंबिलीचा. घुगऱ्यांत गहू आहे का, एवढं विचारून घ्यावं. एकादशी तर हक्काची सुट्टी : साबुदाणा, वरी, राजगिरा.

खड्डे आहेत ते या सोयीच्या रस्त्यावरच. पहिला खड्डा खपलीचा. 'जुना गहू आहे, बाधत नाही,' असं म्हणून खपलीची खीर वाढली जाते. खपली हा गहूच, त्यात ग्लुटेन असतंच. दुसरा हिंगाचा. बाजारातल्या बांधणी हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो. डंकावर कुटून आणलेल्या वर्षाच्या चटणीत तो गेला, की वर्षभर प्रत्येक कालवणात उतरतो. पाकिटावर घटक वाचावेत, तांदळाच्या पिठावर बांधलेला हिंग मिळतो. तिसरा जव आणि जवस यांच्या घोटाळ्याचा. जवसाची चटणी खुशाल खावी, जवाचं म्हणजे सातूचं पीठ आणि माल्ट घातलेली दुधातली पावडर टाळावी. मिसळीतला पाव बाजूला ठेवून भागत नाही, फरसाणात मैद्याचे तुकडे असतात आणि तळणीचं तेल एकच असतं. भाजणीच्या थालीपिठात बहुधा गहू असतो. चपातीच्या तव्यावरच भाकरी टाकली, कणकेच्या परातीतच पीठ मळलं, तरी पथ्य मोडलं. विकतच्या 'ग्लुटेनमुक्त' मालाला आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे. गिरणीतल्या ज्वारीच्या पिठाला अशी कुठलीच हमी नाही. त्यामुळे ज्यांना परवडेल त्यांनी घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. ज्यांना परवडत नाही त्यांनी अशा दोन-चार घरांत मिळून एक घ्यावी.

सगळ्यांत अवघड खड्डा आग्रहाचा. आपल्याकडे पावण्याला उपाशी उठवणं हा अपमान. "घे की गं, देवाचा शिरा हाय," म्हणून आत्या ताटात घालते आणि नवी सून ते खाते, कारण नाही म्हणणं तिला परवडत नाही. रात्री पोट दुखतं ते तिचं एकटीचं. मुलींच्या बाबतीत तर लग्न जमताना हा आजार लपवला जातो आणि मग सासरी रोज चोरून पथ्य पाळावं लागतं. ज्याचं औषध भाकरी आहे, तो आजार लपवण्यासारखा कसा ठरतो?

तेव्हा एवढंच करा. घरात कोणाचं रक्त गोळ्यांनी वाढत नसेल, मूल वाढत नसेल, तर गहू सोडण्याआधी डॉक्टरांना टीटीजीबद्दल विचारा. निदान झालेलं माणूस पंगतीला असेल, तर त्याला एकदाच विचारून वाढा, दुसऱ्यांदा आग्रह करू नका. आणि गिरणीत कोणी "ज्वारीवर ज्वारी" म्हणालं, तर आपला गव्हाचा डबा मागे घ्या.

(पुढील भागात : अंगावरची खाज आणि अन्नाची अ‍ॅलर्जी)