बटरक्रीम केकसजावट

बटरक्रीम केकसजावट : लोणी व पिठीसाखर एकत्र फेसून तयार केलेल्या मऊ लेपाने केक आच्छादण्याची आणि त्या लेपात निरनिराळे रंग मिसळून फुले, पाने, नक्षी, अक्षरे इ. काढण्याची पाककला. या लेपास बटरक्रीम म्हणतात. व्यवहारात त्याचा अंतर्भाव ‘आयसिंग’ या व्यापक संज्ञेत केला जातो. ही कला थंड हवामानाच्या देशांत वाढली. जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांसारख्या उष्ण प्रदेशात तिचे तंत्र तेथील हवामान, आहाररीती व उपलब्ध स्निग्ध पदार्थ यांनुसार बदललेले आढळते.

इतिहास : केकवर साखरेचा लेप देण्याची प्रथा यूरोपात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अंड्याचा पांढरा बलक व साखर यांच्या कडक लेपाने (रॉयल आयसिंग) विवाहाचे केक सजविण्यात येत. विसाव्या शतकात लोण्याच्या मऊ लेपाचा प्रसार झाला. अमेरिकेत ड्यूई मॅकिन्ली विल्टन यांनी १९२९ मध्ये शिकागो येथे केकसजावटीचे वर्ग सुरू केले आणि या कलेस पद्धतशीर शिक्षणाचे रूप दिले. महाराष्ट्रात केक प्रथम मुंबई-पुण्याच्या इराणी व गोमंतकीय बेकऱ्यांतून रुळला. पुण्याची कयानी बेकरी (स्थापना १९५५) यांसारख्या दुकानांचा मावा केक मात्र सजावटीविनाच खाल्ला जातो. सजविलेला केक वाढदिवसाच्या प्रथेबरोबर जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला.

लोण्याचे गुणधर्म : लोण्यात सु. ८० टक्के दुग्धस्निग्धांश व सु. १६ टक्के पाणी असते. दुग्धस्निग्धांश हा एकजिनसी पदार्थ नसून वेगवेगळ्या तापमानांस वितळणाऱ्या घटकांचे मिश्रण आहे. त्यामुळे लोणी एकदम न वितळता क्रमाक्रमाने मऊ होत जाते. १८° ते २२° से. तापमानास त्यातील घन स्फटिक व द्रव तेल यांचे प्रमाण असे असते की, फेसताना हवेचे सूक्ष्म बुडबुडे स्फटिकांच्या जाळ्यात अडकून राहतात. लेपाचा हलकेपणा, फिकटपणा आणि काढलेल्या फुलाची पाकळी उभी राहण्याची क्षमता या बुडबुड्यांवर व स्फटिकांवर अवलंबून असते. २५° से.च्या पुढे स्फटिक कमी होऊन लेप ढिला पडतो. ३२° ते ३५° से.च्या सुमारास तो ओघळू लागतो आणि सु. ३७° से.ला स्निग्धांश पूर्णपणे वितळतो. एकदा वितळलेला लेप पुन्हा थंड केला, तरी निसटलेली हवा परत येत नाही. तो नव्याने फेसावा लागतो.

खानदेशात मे महिन्यात कमाल तापमान ४२° से.च्या वर जाणे नेहमीचे असून भुसावळ, जळगाव या भागांत ते ४५° से.पेक्षाही अधिक होते. उलटपक्षी काही हिवाळ्यांत धुळ्याचे किमान तापमान ५° से.च्या आसपास उतरते. परिणामी डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी लोणी फेसण्यापूर्वी काही काळ खोलीतील उबेस ठेवावे लागते, तर उन्हाळ्यात तयार केक शीतपेटीबाहेर अल्प काळच टिकतो. 

प्रकार व कृती : साध्या बटरक्रीमसाठी लोण्याच्या दुप्पट वजनाची पिठीसाखर घेतात. सु. २० सेंमी. व्यासाच्या दोन थरांच्या केकला २५० ग्रॅ. बिनमिठाचे लोणी, ५०० ग्रॅ. पिठीसाखर व दोन-तीन चमचे दूध पुरते. प्रथम लोणी पाच ते सात मिनिटे एकटेच फेसून फिकट करतात. नंतर साखर चाळून तीन हप्त्यांत घालतात. साखर स्निग्धांशात विरघळत नाही. ती लोण्यातील अल्प पाण्यातच अंशतः विरघळते. म्हणून साखर जाड दळलेली असल्यास लेप जिभेला रवाळ लागतो.

स्विस प्रकारात अंड्याचा पांढरा बलक व साखर गरम पाण्याच्या भांड्यावर सु. ७०° से.पर्यंत तापवून फेसतात व त्यात लोणी मिसळतात. इटालियन प्रकारात बलकात सु. ११८° से.चा उकळता पाक धारेने सोडतात. हे दोन्ही लेप कमी गोड व अधिक गुळगुळीत असतात. खानदेशातील शहरांत शाकाहारी ग्राहकवर्ग मोठा असल्याने बिनअंड्याच्या केकला विशेष मागणी असते. अशा केकवर साधा प्रकारच वापरणे भाग पडते, कारण लेपात अंडे आल्यास भारतीय नियमांनुसार तो पदार्थ मांसाहारी चिन्हाने दर्शवावा लागतो.

पर्यायी स्निग्ध पदार्थ : उन्हाळ्यात टिकणाऱ्या लेपासाठी भारतीय बेकऱ्यांनी दीर्घकाळ वनस्पती तुपाचा आधार घेतला. द्रव तेलाचे हायड्रोजनीकरण करून बनविलेल्या या पदार्थाचा वितळबिंदू पूर्वीच्या अन्नभेसळविषयक नियमांत ३१° ते ४१° से. असा ठरविलेला होता. तो पांढरा, स्वस्त व टिकाऊ असल्याने लेपास सोयीचा ठरला. या उद्योगाशी खानदेशाचा निकटचा संबंध आहे. महंमद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेर (जि. जळगाव) येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लि. ही कंपनी स्थापन केली. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती हे तिचे आरंभीचे प्रमुख उत्पादन होय. हीच कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणकक्षेत्रात प्रसिद्धीस आली.

वनस्पतीच्या लेपात मुख्य दोष दोन. एक म्हणजे त्याचा वितळबिंदू तोंडातील तापमानाहून अधिक असल्यास टाळूस मेणचट थर बसतो. दुसरा दोष आरोग्याचा आहे. अपूर्ण हायड्रोजनीकरणात ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात व ती हृदयविकाराचा धोका वाढवितात. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेले व स्निग्ध पदार्थांतील त्यांची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के व १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. अलीकडे वनस्पतीऐवजी दुग्धविरहित व्हिप्ड टॉपिंगचा वापर सर्वत्र वाढला आहे. पामबीज तेल, साखर, पाणी व पायसीकारके यांचे हे मिश्रण गोठविलेल्या स्थितीत येते आणि फेसल्यावर आकारमानाने सु. तिप्पट होते. ते शुभ्र व हलके असते. परंतु त्यास लोण्याची चव व घट्टपणा नसतो. उन्हाळ्यात काही कारागीर लोण्याचा थोडा भाग काढून त्याजागी वनस्पतिजन्य घट्ट स्निग्ध पदार्थ घालतात. चव व टिकाऊपणा यांतील ही तडजोड असून, ग्राहकास तिची कल्पना देणे उचित ठरते.

रंगमिश्रण : लेपाचा मूळ रंग रंगमिश्रणात निर्णायक असतो. गाईच्या दुधातील कॅरोटिनामुळे तिचे लोणी पिवळसर असते. म्हशीच्या दुधात कॅरोटीन जवळजवळ नसल्याने तिचे लोणी पांढरे दिसते. पिवळसर लोण्यात निळा रंग घातल्यास तो हिरवट होतो आणि गुलाबी रंग शेंदरी दिसतो. म्हशीच्या दुधाचे लोणी या दृष्टीने अधिक अनुकूल आहे. पिवळेपणा घालविण्यासाठी त्याच्या पूरक रंगाचा, म्हणजे जांभळ्याचा, सुईच्या टोकाइतका अंश मिसळतात. दीर्घकाळ फेसल्यानेही लेप फिकट होतो.

तांबडा, पिवळा व निळा हे तीन मूळ रंग घेऊन इतर छटा बनवितात. उदा., केळीच्या पानाच्या छटेसाठी पिवळ्यात थोडा निळा व किंचित तपकिरी मिसळतात. तिन्ही मूळ रंग एकत्र आल्यास लेप मळकट होतो. पाण्यात विरघळणारे रंग स्निग्ध लेपात ठिपक्यांच्या रूपात राहण्याचा संभव असतो. म्हणून घट्ट जेलरंग किंवा स्निग्धांशात पसरणारे ‘लेक’ रंग वापरतात. मिसळल्यानंतर काही तासांत छटा गडद होते. त्यामुळे इष्ट छटेच्या थोडे अलीकडेच थांबावे लागते.

हळद, केशर, बीट, शेंद्रीच्या बिया (ॲनाटो) इ. नैसर्गिक रंगही उपयोगी पडतात. मात्र हळदीचा रंग प्रकाशाने व बीटचा रंग उष्णतेने फिका होतो. जांभळाच्या रसाचा रंग आम्लतेनुसार बदलतो व आम्लरहित लेपात निळसर होतो.

सजावटीचे तंत्र : केकवर प्रथम लेपाचा पातळ थर देऊन सुटे कण बसवितात व केक अर्धा तास थंड करतात. मग फिरत्या पाटावर (टर्नटेबल) ठेवून जाड थर देतात. रंगांचा क्रमशः मेळ साधण्यासाठी एकाच रंगाच्या गडद, मध्यम व फिकट अशा तीन छटांचे पट्टे खालून वर देतात आणि सरळ पट्टी (स्क्रॅपर) बाजूस टेकवून पाट एकाच दिशेने फिरवितात. यामुळे पट्ट्यांच्या सीमा परस्परांत मिसळतात. दर फेरीनंतर पट्टी पुसावी लागते. फार फेऱ्या झाल्यास छटा नाहीशा होऊन एकच मंद रंग उरतो. शेजारी ठेवलेले रंग सजातीय असावेत (उदा., पिवळा व नारिंगी). तांबडा व हिरवा यांच्या सीमेवर राखाडी-तपकिरी पट्टा उमटतो.

फुलांसाठी लेप पिशवीत किंवा बटरपेपरच्या कोनात भरून धातूच्या तोटीतून (नोझल) दाबून काढतात. कोनाच्या एका बाजूस गडद लेपाची रेघ ओढून उरलेल्या भागात फिकट लेप भरल्यास पाकळीची कड आपोआप गडद येते. हाताच्या उष्णतेनेही कोनातील लेप पातळ होतो. म्हणून उन्हाळ्यात कोन लहान भरतात व आलटून पालटून शीतपेटीत ठेवतात. मेंदीच्या कोनाचा सराव असलेल्या हातास दाब व वेग यांचे हे गणित लवकर साधते. रुखवतासाठी खाद्यपदार्थांची शोभिवंत मांडणी करण्याची महाराष्ट्रीय परंपराही या कलेस पोषक आहे.

सुरक्षितता : अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील २०११ च्या विनियमांत आठ कृत्रिम रंगांना अनुमती देण्यात आली : पाँसो ४ आर, कार्मोइसीन, एरिथ्रोसीन, टार्ट्राझीन, सनसेट यलो, इंडिगो कार्मीन, ब्रिलियंट ब्ल्यू व फास्ट ग्रीन. त्यांची सर्वसाधारण कमाल मर्यादा दर किग्रॅ. खाद्यास १०० मिग्रॅ. आहे. यांपैकी एरिथ्रोसिनाची अन्नातील अनुमती अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये रद्द केली. ऱ्होडामीन बी व मेटॅनिल यलो हे वस्त्रोद्योगादींसाठीचे रंग अन्नात निषिद्ध आहेत. तथापि स्वस्त व भडक असल्याने त्यांची भेसळ आढळते. गडद तांबड्या वा काळ्या लेपास रंग पुष्कळ लागतो व मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका सर्वाधिक असतो. असा केक बहुधा लहान मुलांसाठी असतो, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. काळ्या छटेसाठी कोको व गडद तांबड्यासाठी गुलाबी लेपास काही तास मुरू देणे, हे रंग कमी वापरण्याचे सोपे उपाय होत.

घरगुती पातळीवर केक करून विकणाऱ्यांनाही, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, प्राधिकरणाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. या व्यवसायास भांडवल थोडे लागते. तरी खानदेशात एप्रिल ते जून हे तीन महिने त्याची कसोटी पाहणारे असतात. पहाटे लेप फेसणे, केक पूर्ण थंड करून बर्फाच्या पिशव्यांसह पेटीतून नेणे आणि कापण्याच्या वेळीच बाहेर काढणे, या दक्षतांवर लोण्याच्या लेपाचे यश अवलंबून असते.