कथा आणि तत्त्वचिंतन (लेखांक ६) : बोर्हेसने रचलेली मुंबईची कादंबरी

होर्हे लुईस बोर्हेस (१८९९–१९८६) या अर्जेंटिनी लेखकाच्या ‘शाश्वततेचा इतिहास’ या १९३६ सालच्या निबंधसंग्रहात एका कादंबरीचे परीक्षण आहे. ‘अल-मुअतसिमच्या दिशेने’ ही कादंबरी मीर बहादुर अली नावाच्या मुंबईतील वकिलाने लिहिली, ती १९३२ साली मुंबईतच जवळजवळ वर्तमानपत्री म्हणावा अशा कागदावर छापली गेली, हजार-हजार प्रतींच्या तिच्या चार आवृत्त्या काही महिन्यांत खपल्या, मुंबई, कलकत्ता आणि अलाहाबाद येथील नियतकालिकांनी तिची दखल घेतली आणि पुढे लंडनच्या व्हिक्टर गोलान्झ या प्रकाशकाने रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांच्या प्रस्तावनेसह ती पुन्हा काढली, असा तपशील या परीक्षणात दिलेला आहे. गोलान्झ आणि सेयर्स ही त्या काळातील खरी आणि नावाजलेली माणसे होती. कादंबरी मात्र कोणी लिहिलेली नव्हती आणि मीर बहादुर अली हा वकीलही जन्माला आलेला नव्हता. तरीही बोर्हेसच्या एका मित्राने लंडनहून तिची प्रत मागवली, अशी आठवण बोर्हेसने उतारवयातील आत्मकथनात नोंदवली आहे.

निबंध म्हणून छापलेले हे लेखन पुढे बोर्हेसच्या कथांमध्ये गणले जाऊ लागले आणि अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाविषयी गांभीर्याने लिहिण्याची जी रीत त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली, तिचा आरंभही येथेच मानला जातो. आशियाई दर्शनांनी आधुनिक कथेला काय दिले, याचा शोध घेणाऱ्या या लेखमालेच्या दृष्टीने ही कथा दोन कारणांनी महत्त्वाची ठरते. तिचा आशय सूफी परंपरेतून आलेला आहे, हे उघड आहे; परंतु त्या परंपरेतील विचार केवळ पात्रांच्या तोंडी न घालता बोर्हेसने त्यालाच कथेच्या बांधणीचे रूप दिले, ही बाब अधिक विचार करण्याजोगी आहे.

कादंबरीचा नायक मुंबईतील कायद्याचा विद्यार्थी असून त्याचे नाव वाचकाला कळत नाही. जन्माने मुसलमान असला तरी धर्मावरील त्याची श्रद्धा उडालेली आहे. मोहरमच्या दहाव्या रात्री हिंदू आणि मुसलमानांच्या दंगलीत तो ओढला जातो आणि त्याच्या हातून एका हिंदूचा खून होतो, निदान तसा त्याचा समज होतो. पोलिसांच्या भीतीने पळत तो शहराच्या कडेला येतो आणि एका वाढलेल्या बागेची भिंत चढून आत उतरतो, तेव्हा गुलाबाच्या काळ्या झुडपांतून चांदण्याच्या रंगाची हडकुळी कुत्री त्याच्या अंगावर येतात. बागेच्या टोकाला एक गोल बुरूज आहे. काही पायऱ्या निखळलेल्या लोखंडी शिडीने तो वर चढतो, तर गच्चीच्या मध्यभागी काळी विहीर आणि तिच्याजवळ एक गलिच्छ माणूस उकिडवा बसलेला. पारशांनी तेथे ठेवलेल्या, पांढऱ्या कफनातील मृतदेहांचे सोन्याचे दात काढून विकण्याचा आपला धंदा असल्याचे हा माणूस त्याला निःसंकोचपणे सांगतो.

मृतदेह उघड्यावर ठेवण्यासाठी पारशी समाज जो गोल बुरूज बांधतो, त्याला दखमा म्हणतात आणि त्याच्या मध्यभागी खरोखरच एक खोल विहीर असते. मुंबईतील दखमे मात्र शहराच्या दूरच्या कडेला नसून मलबार हिलसारख्या श्रीमंत वस्तीत, डुंगरवाडीच्या झाडीत आहेत. बोर्हेसची मुंबई पुस्तकांतून उभी राहिलेली आहे आणि त्या पुस्तकांमध्ये रडयार्ड किपलिंगच्या कथांचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट बोर्हेसने लपवलेली नाही; आपल्या काल्पनिक कादंबरीचे किपलिंगच्या एका कथेशी असलेले साम्य तो परीक्षणातच दाखवून देतो.

दात चोरणारा तो माणूस बोलता बोलता पालनपूरच्या एका स्त्रीविषयी अत्यंत तिरस्काराने बोलतो. इतक्या हीन माणसाचा तिरस्कार ही एक प्रकारची स्तुतीच असली पाहिजे, असा विचार करून विद्यार्थी तिच्या शोधात निघतो, आणि ‘गुन्हेगार कोण’ हा रहस्यकथेचा प्रश्न येथून पुढे ‘सत्पुरुष कोण’ असा बनतो. नीच माणसांच्या संगतीत राहून त्यांच्यासारखाच झालेल्या या विद्यार्थ्याला एके दिवशी त्यांच्यापैकी एकाच्या वागण्यात एक अनपेक्षित कोवळीक दिसते. ही कोवळीक त्या माणसाची स्वतःची असणे शक्य नाही. ती दुसऱ्या कोणाकडून, कदाचित मित्राच्या मित्राकडून त्याच्यात उतरलेली असणार, असे अनुमान तो काढतो. एखाद्या हसण्यात किंवा एखाद्या शब्दात उरलेल्या अशा पुसट खुणांचा माग काढत, ज्या अज्ञात पुरुषापासून हे तेज निघाले असेल त्या अल-मुअतसिमपर्यंत पोहोचायचे, हेच मग त्याचे जीवितकार्य होते. जसजसे अंतर कमी होते तसतशी भेटणारी माणसे अधिक उन्नत होत जातात. शेवटून दुसरा माणूस हा एक सौजन्यशील आणि सुखी इराणी पुस्तकविक्रेता आहे. अखेरीस विद्यार्थी मुंबईतच एका दालनाच्या टोकाशी येतो. समोर मण्यांचा पडदा आहे आणि पडद्याआड प्रकाश आहे. टाळी वाजवून तो अल-मुअतसिमला हाक मारतो, आतून एक आवाज त्याला बोलावतो, पडदा सारून तो आत शिरतो आणि कादंबरी तेथेच संपते.

या कथानकाचा मूळ स्रोत बोर्हेसने तळटीपेत दिला आहे. निशापूरचा फारसी सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार याच्या ‘मंतिक-उत्-तैर’ या काव्यात पक्षी आपल्या राजाच्या, म्हणजे सीमुर्गाच्या शोधात निघतात, सात दऱ्या ओलांडताना बहुतेक गळून पडतात आणि उरलेल्या तीस पक्ष्यांना शेवटी उमगते की ज्याचा शोध चालला होता तो सीमुर्ग आपणच आहोत. ‘मी’पणाचा ईश्वरात लोप होण्याच्या या अवस्थेला सूफी परिभाषेत ‘फना’ म्हणतात. बोर्हेसने हा निष्कर्ष कथेत उच्चारलेला नाही. उलट, १९३४ च्या आवृत्तीत मीर बहादुर अलीने अल-मुअतसिमला सरळसरळ ईश्वराचे रूपक करून टाकले आणि कादंबरी बिघडवली, अशी तक्रार परीक्षक करतो. स्वतःच्याच काल्पनिक लेखकावर ओढलेला हा ताशेरा बोर्हेसच्या कथाकलेविषयी पुष्कळ सांगून जातो, कारण तत्त्वज्ञानाचे विधान कथेत उघडपणे आले की कथा दुबळी होते, हे त्याला चांगले ठाऊक होते.

परीक्षणाचा साचा येथे केवळ गंमत म्हणून वापरलेला नाही. विद्यार्थ्याला अल-मुअतसिम प्रत्यक्ष कधीच दिसत नाही, त्याला दिसतात ती इतरांच्या ठायी पडलेली त्याची प्रतिबिंबे. त्याचप्रमाणे वाचकालाही कादंबरी मिळत नाही, तर परीक्षकाच्या लेखनात पडलेले तिचे प्रतिबिंब मिळते. लंडनला मागणी पाठवणारा मित्र नकळत त्या विद्यार्थ्याचीच भूमिका वठवत होता. सूफी आशय आणि कथनाचा घाट यांचा असा मेळ बोर्हेसच्या नंतरच्या, अधिक गाजलेल्या कथांतही सहसा आढळत नाही.

बोर्हेसपर्यंत भारतीय दर्शने ज्या मार्गाने पोहोचली तो मार्गही अशाच प्रतिबिंबांचा होता. मोगल राजपुत्र दारा शुकोह याने १६५७ साली काशीच्या पंडितांच्या साहाय्याने सुमारे पन्नास उपनिषदांचे फारसीत भाषांतर करवले. त्या फारसीवरून आंकतील द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाने ‘औपनेखत’ हे लॅटिन भाषांतर १८०१-०२ मध्ये प्रसिद्ध केले आणि जर्मन तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहॉवर याने ते आयुष्यभर आपल्याजवळ बाळगले. (हाच द्युपेराँ सुरतेला पारशी दस्तुरांकडे शिकला होता आणि अवेस्ता हा पारशी धर्मग्रंथ त्यानेच १७७१ साली फ्रेंचमध्ये आणला.) बोर्हेसचे कुटुंब १९१४ साली जिनिव्हाला गेले, तेथे तो जर्मन शिकला आणि शोपेनहॉवर हा त्याचा आयुष्यभराचा आवडता तत्त्वज्ञ झाला. दिसणारे जग हे पाहणाऱ्याच्या जाणिवेत उभे राहिलेले चित्र आहे, आणि ‘मी’ व ‘दुसरा’ हा भेद मायेचा, म्हणजे भासाचा आहे, हे विचार त्याच्याकडे आले ते संस्कृतातून फारसी, फारसीतून लॅटिन आणि लॅटिनमधून जर्मन असे तीनदा वेश बदलून. त्यात बिशप बार्कलेच्या चिद्वादाची, म्हणजे जाणिवेबाहेर पदार्थाला अस्तित्व नाही या मताची भर पडलेली होती. म्हणून बोर्हेसच्या कथेत वेदान्त दिसला की तो थेट उपनिषदांतून आला असे मानण्याची जी घाई भारतीय वाचक करतो, ती टाळलेली बरी.

१९४० सालची ‘वर्तुळाकार अवशेष’ ही कथा या दृष्टीने तपासता येते. बांबूच्या होडीतून एक माणूस एका जळालेल्या गोलाकार मंदिरात येतो. स्वप्नात एक पूर्ण मनुष्य घडवायचा आणि त्याला वास्तवात पाठवायचा, हा त्याचा संकल्प आहे. हृदयापासून प्रारंभ करून तो रात्रीमागून रात्र एकेक अवयव स्वप्नात घडवतो, अग्निदेवतेच्या कृपेने तो स्वप्नपुत्र जिवंत होतो आणि दुसऱ्या मंदिरात रवाना होतो. पुढे मंदिराला आग लागते. मरणाला सामोरा जाण्यासाठी हा जादूगार ज्वाळांत शिरतो, तर ज्वाळा त्याला भाजत नाहीत, आणि आपणही दुसऱ्या कोणाच्या स्वप्नातील आकृती आहोत हे त्याला कळून चुकते. ‘योगवासिष्ठा’तील स्वप्नात स्वप्न असलेल्या आख्यानांची आठवण येथे मराठी वाचकाला होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. बोर्हेसने या कथेच्या माथ्यावर लुईस कॅरलच्या ‘आरशापलीकडे’ या पुस्तकातील शब्द घेतले आहेत, तिचे वातावरण अग्निपूजक प्राचीन इराणचे आहे आणि आपण फुलपाखरू झाल्याचे स्वप्न पाहणारा चिनी तत्त्ववेत्ता च्वांग-त्झु हा तर त्याच्या लेखनात वारंवार भेटतो. शिवाय ‘योगवासिष्ठा’त स्वप्नाचे ज्ञान हा मुक्तीचा मार्ग आहे. बोर्हेसच्या जादूगाराला मात्र त्या ज्ञानाने सुटकेचा निःश्वास मिळतो, तसाच अपमान आणि भयही मिळते.

बौद्ध विचाराशी असलेले बोर्हेसचे नाते याहून जवळचे होते. व्यक्तीच्या आत नित्य, अखंड असा आत्मा नाही, आहे तो क्षणोक्षणी बदलणाऱ्या अवस्थांचा प्रवाह, हा बौद्धांचा अनात्मवाद. ऐन तारुण्यात, १९२२ साली लिहिलेल्या ‘व्यक्तित्वाची शून्यता’ या निबंधात बोर्हेसने ‘मी’ला असा कायमचा गाभा नाही असे प्रतिपादन केले आणि तेथेच बौद्ध मताचा हवाला दिला. काळाचे अस्तित्व नाकारू पाहणाऱ्या पुढच्या काळातील निबंधात बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’तील रथचक्राचा दृष्टान्त येतो: चाक जमिनीला जसे एका वेळी एकाच बिंदूवर टेकते, तसे आयुष्य एकाच क्षणापुरते असते.

हा विचार कथेत सर्वांत प्रभावीपणे उतरला तो ‘ईश्वराची लिपी’ (१९४९) या कथेत, आणि तिचा नायक आशियातला नसून स्पॅनिश विजेत्यांनी कोंडलेला मध्य अमेरिकेतील त्सिनाकान हा पुरोहित आहे. शेजारच्या कोठडीत जग्वार आहे. रोज दुपारी अन्नपाणी सोडण्यासाठी झडप उघडते, तेवढ्या प्रकाशात त्याच्या अंगावरील ठिपके वाचण्यात हा पुरोहित वर्षानुवर्षे घालवतो, कारण देवाने सर्वशक्तिमान वाक्य तेथे लिहिले असल्याची त्याची खात्री आहे. अखेर पाण्याचे आणि अग्नीचे एक अनंत चक्र त्याला दिसते, विश्वाची सगळी वीण त्यात उलगडते, आणि चौदा शब्दांचे ते वाक्य त्याला वाचता येते. ते उच्चारले तर तुरुंग कोसळेल, तारुण्य परत येईल, विजेते नष्ट होतील. तो ते उच्चारत नाही, कारण ज्याने विश्व पाहिले त्याला एका माणसाच्या सुखदुःखाचे काय, मग तो माणूस तो स्वतःच का असेना. त्सिनाकान नावाचा माणूस आता त्याच्या लेखी उरलेला नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यानंतर अर्जुन युद्धाकडे, कर्माकडे परततो. हा पुरोहित अंधारात पडून राहतो. सूडाची शक्ती हाती असताना सूड घेणारा ‘मी’च शिल्लक नसणे, ही अनात्मवादाची कसोटी बोर्हेसने एका कैद्याच्या गोष्टीत लावून दाखवली.

मात्र बौद्ध धर्मातील करुणा आणि सूफींची साधना यांना त्याच्या कथांत जवळजवळ स्थान नाही. दर्शन त्याला बुद्धीला चकवणारी शक्यता म्हणून हवे होते. दुःखाचा उपाय म्हणून त्याने त्याकडे क्वचितच पाहिले. त्याच्या कथांतील भारतही त्यामुळे पुष्कळदा नकाशावरील नावांचा भारत राहतो. विद्यार्थ्याची भटकंती पालनपूर, बिकानेर, काशी, काठमांडू, कलकत्ता, मद्रास, त्रावणकोर अशी एका लांब वाक्यात आटोपली जाते आणि मुंबईला परतण्यापूर्वी तो इंदापूरला कचरतो आणि कोणाचा तरी जीव घेतो. हे इंदापूर पुणे जिल्ह्यातील की कोकणातील, आणि जीव कोणाचा व कशासाठी घेतला, याचा पत्ता लागत नाही. गावाचे नाव केवळ नादासाठी निवडले असावे. ज्या कथेत प्रत्येक क्षुद्र माणसात कोणाचे तरी तेज शोधायचे आहे, तिने इंदापूरच्या मृताला अर्धे वाक्यही धड देऊ नये, हा दोष लहान नाही.

१९७६ साली आलिसिया हुरादो यांच्यासह लिहिलेले ‘बौद्ध धर्म म्हणजे काय’ हे पुस्तक आणि १९७७ साली ब्युनोस आयर्सच्या कोलिसेओ नाट्यगृहात बौद्ध धर्मावर दिलेले व्याख्यान यांत अंध, वृद्ध बोर्हेसने या विषयाची अधिक शांतपणे मांडणी केली आहे, आणि ज्यांना त्याच्या कथा कोरड्या वाटतात त्यांनी ते व्याख्यान आधी वाचावे. पुढील लेखांकात ‘कोन्जाकु मोनोगातारी’ या प्राचीन कथासंग्रहातील गोष्टींना नवे रूप देणारा जपानी कथाकार अकुतागावा र्युनोसुके आणि त्याच्या ‘राशोमोन’ व ‘बांबूच्या बनात’ या कथांचा विचार केला जाईल.